क्रूझवरचं ड्रिंक पॅकेज: आधी केबिन बघा, मग ग्लास मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंगापूरहून निघणारी रॉयल कॅरिबियनची चार रात्रींची क्रूझ आहे, वाटेत पेनांग आणि फुकेत. नवरा-बायको आणि ८ व १२ वर्षांची दोन मुलं एका केबिनमध्ये, आई-बाबा शेजारच्या केबिनमध्ये. नवरा सुट्टीत दिवसाला दोन-तीन बिअर आणि एखादं कॉकटेल घेतो. बायको रात्री जेवताना एक ग्लास वाइन घेते, बाकी तिला कॉफी लागते. ॲपवर ‘डीलक्स बेव्हरेज पॅकेज’ (म्हणजे रोजचा ठरलेला दर भरून दारूसकट हवी तेवढी पेयं) माणशी रोज ७२ डॉलर अधिक १८ टक्के टिप असं दिसतंय. जहाजावर गेल्यावर ते महाग मिळेल असं ऐकलंय, तर आत्ताच घेऊन टाकावं का?

नका घेऊ. तुमच्या बाबतीत मला यात जराही शंका नाही. का नको ते मात्र सविस्तर सांगतो, कारण क्रूझ बुक करून देण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं आणि बहुतेक जण हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. ‘दिवसाला किती ड्रिंक्स घेतली म्हणजे पैसे वसूल?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. खरा पहिला प्रश्न असा, की तुमच्या केबिनमध्ये तुमच्यासोबत आणखी कोणाकोणाला हे पॅकेज घ्यावं लागणार आहे?

नियम असा आहे. एका केबिनमधल्या एका प्रौढ व्यक्तीनं दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या बाकीच्या प्रौढांनाही ते घ्यावं लागतं. रॉयल कॅरिबियनवर हे आहे, कार्निव्हलवर आहे, इतरही बऱ्याच कंपन्यांवर या ना त्या रूपात आहे. कारण उघड आहे. एकानं घ्यायचं आणि दोघांनी प्यायचं, हे कंपनीला नको असतं. त्यामुळे प्रत्येक ड्रिंकला कार्ड स्कॅन होतं, एका वेळी एकच ड्रिंक मिळतं आणि वाटून पिताना आढळलात तर पॅकेज रद्द होऊ शकतं. अमेरिकेतल्या ज्या जोडप्यांसाठी ही पॅकेजेस मुळात आखली गेली, तिथे बऱ्याचदा दोघंही पितात. आपल्याकडच्या जोडप्यांत बहुतेक वेळा एक जण पितो आणि दुसरं माणूस नावापुरतं घेतं किंवा अजिबात घेत नाही. म्हणजे ७२ डॉलर हा तुमच्या घरचा आकडा नव्हेच. तुमचा आकडा १४४ आहे.

आता जहाजावरचे सुटे भाव बघू. थोडे पुढेमागे होतात, पण अंदाज असा धरा: बिअर साडेआठ डॉलर, कॉकटेल १४, वाइनचा ग्लास १२, कॅपुचिनोसारखी कॉफी साडेचार, मॉकटेल ८, पाण्याची बाटली साडेतीन. या सगळ्यावर १८ टक्के टिप आपोआप लागते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टिप पॅकेजवरही लागते आणि सुट्या ड्रिंकवरही. तुलना करताना एक तर दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडे सोडा. अनेक जण पॅकेजचा मूळ दर घेतात आणि त्याची तुलना टिप लावलेल्या कॉकटेलशी करतात. मग पॅकेज आहे त्यापेक्षा स्वस्त भासतं.

तुमचा कार्यक्रम धरून दिवसवार मांडतो. पहिल्या दिवशी तुम्ही दुपारी चढणार. खोली मिळेल, मुलं पूलकडे धावतील, सुरक्षेची माहिती घ्यावी लागेल. त्या दिवशी तुमच्या दोन बिअर आणि एक कॉकटेल, मिसेसचं एक मॉकटेल आणि रात्रीची वाइन धरली तर दोघांचे मिळून ५१ डॉलर होतात. पेनांगच्या दिवशी सकाळी उतराल. जॉर्ज टाऊनच्या जुन्या गल्ल्या, पेनांग हिलची केबल रेल्वे आणि केक लोक सी मंदिर यांतलं दोन ठिकाणीही नीट बघायचं म्हटलं तरी संध्याकाळ होते. फुकेतला तर मोठी जहाजं बहुधा पातोंगच्या समुद्रात नांगर टाकतात आणि टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. रांग, बोट, पुन्हा रांग यातच बराच वेळ जातो. हे दोन्ही दिवस जहाजावरचं पिणं म्हणजे फक्त संध्याकाळचं. दोन बिअर, एक कॉकटेल, एक वाइन, एक कॉफी असे साडेसत्तेचाळीस डॉलर. चौथा दिवस पूर्ण समुद्रावर. तिथे सढळ हातानं धरू: तुमच्या तीन बिअर, एक कॉकटेल आणि एक कॉफी, मिसेसच्या दोन कॉफी, एक मॉकटेल, एक वाइन. म्हणजे ७३ डॉलर. पाचव्या दिवशी सकाळी उतरायचंच आहे.

एकूण २१९ डॉलर, टिप धरून २५८. पॅकेज दोघांचं चार दिवसांचं, टिप धरून ६८०. एक डॉलर ९० रुपये धरला तर एकीकडे साधारण २३ हजार आणि दुसरीकडे ६१ हजार. माझा अंदाज चुकला, तुम्ही दोघांनी याच्या दुप्पट घेतलं, असं समजा. तरी ५१७ डॉलर होतात आणि पॅकेजपेक्षा दीडशे डॉलरहून जास्त वाचतात.

उलटं करून पाहिलं की गोष्ट आणखी स्पष्ट होते. समुद्रावरच्या त्या सर्वांत मोकळ्या दिवशीसुद्धा मिसेसचं पिणं २९ डॉलरचं आहे. दोघांचे १४४ भरून निघायला उरलेले ११५ डॉलर एकट्या तुम्हाला प्यावे लागतील. ते म्हणजे १४ डॉलरची आठाहून जास्त कॉकटेल्स. तेही रोज, पेनांग-फुकेत फिरून आल्यावरसुद्धा. तुमच्या पिण्याच्या मानानं पॅकेजचा बरोबरीचा दर माणशी रोज साधारण २७ डॉलर बसतो. दारूच्या पॅकेजला इतका उतार मी कधी पाहिलेला नाही.

नियमाला अपवाद असतो का? असतो, पण हक्क म्हणून नाही. पत्नी गरोदर असेल, काही आजार असेल, कोणी धर्माच्या कारणानं दारू घेत नसेल, तर कंपनीला आधी फोन करून सांगा. कधीकधी त्या व्यक्तीला दारूऐवजी बिनदारूचं ‘रिफ्रेशमेंट पॅकेज’ घेऊ देतात. माझ्याकडच्या काही कुटुंबांना अशी सवलत मिळालेली आहे. पण ते समोरच्या माणसाच्या अधिकारातलं आहे, म्हणून ते धरून बजेट आखू नका.

मित्रांचा किंवा भावांचा गट जात असेल तर खरा बदल बुकिंगच्या वेळी करता येतो. चार जणांत दोघं पिणारे आणि दोघं न पिणारे असतील, तर पिणाऱ्यांची एक केबिन करा आणि न पिणाऱ्यांची दुसरी. मग नियम तुमच्या विरोधात जात नाही. हे तिकीट काढतानाच ठरवावं लागतं, कारण नंतर नावं इकडची तिकडे करायला एजंटालाही घाम फुटतो आणि भाड्यात फरक पडू शकतो. म्हणून कुठल्याही गटाला मी केबिनची विभागणी विचारतो तेव्हाच ‘पिणारे कोण?’ हेही विचारतो. काहींना ते आगाऊपणाचं वाटतं, पण तो प्रश्न पुढे हजारो रुपये वाचवतो.

आता पॅकेज कोणाला परवडतं तेही सांगायला हवं, नाहीतर मी सरसकट नाही म्हणतोय असं वाटेल. केबिनमधले दोघंही कॉकटेल किंवा वाइन मनापासून घेणारे असावेत आणि क्रूझमध्ये समुद्रावरचे दिवस जास्त असावेत. अटलांटिक ओलांडून जाणाऱ्या क्रूझवर सलग पाच-सहा दिवस जमीन दिसत नाही. तिथे सकाळची कॉफी, दुपारची बिअर, जेवणाआधीचं कॉकटेल, जेवणातली वाइन, शिवाय पाण्याच्या बाटल्या आणि ताजा संत्र्याचा रस असं सगळं मिळून ७०-७५ डॉलर सहज होतात. न्यू जर्सीत राहणारे आपले लोक बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून निघतात. त्यांच्या क्रूझमध्ये रॉयल कॅरिबियनचं बहामातलं कोको के बेट असेल, तर तिथे पॅकेज किनाऱ्यावरही चालतं. म्हणजे तो बंदराचा दिवस वाया जात नाही. याउलट अलास्का. ज्युनो, स्कॅगवे, केचिकन अशी ओळीनं बंदरं, आणि माणूस तिथे हिमनद्या नि व्हेल बघायला गेलेला असतो. तिथे पॅकेज घेणारा बहुतेक वेळा तोट्यात जातो.

मुंबई-गोव्याच्या छोट्या क्रूझचंही लोक विचारतात. कॉर्डेलियानं २०२१ साली मुंबईहून फेऱ्या सुरू केल्यापासून अनेक मराठी घरांची पहिली क्रूझ तीच असते. तिथले भाव आणि पॅकेजचे प्रकार वेगळे, पण विचार हाच. गोव्यात उतरून दिवस घालवणार असाल तर दारू बाहेर स्वस्त मिळते, आणि जहाजावर उरतात ती फक्त संध्याकाळ नि रात्र. लक्षद्वीपच्या फेरीत मात्र उतरल्यावर बंगाराम सोडून दारूबंदी आहे, तेव्हा किनाऱ्यावरच्या तासांत पिण्याचा प्रश्नच येत नाही.

‘जहाजावर महाग मिळेल’ हे तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. निघण्याआधी ॲपवर किंवा संकेतस्थळावर दर बहुधा कमी असतो. पण तो रोज एकच नसतो, सेल येतात नि जातात. निघण्यापूर्वी घेतलेलं पॅकेज रद्द करून कमी दरानं पुन्हा घेता येतं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना पॅकेज परवडतं त्यांनी आधी एकदा घेऊन ठेवावं आणि दर आठवड्याला भाव बघत राहावा. त्यासाठी एजंटाकडून स्वतःचा बुकिंग नंबर मागून घ्या आणि ॲपवर आपल्या नावानं खातं उघडा. नंबर द्यायला जो एजंट टाळाटाळ करेल, त्याला कारण विचारा. जहाज सुटल्यावर मात्र पैसे परत मिळत नाहीत. आणि पॅकेज एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं मिळत नाही, ते सगळ्या प्रवासाचं घ्यावं लागतं. ‘फक्त समुद्रावरच्या दिवशी घेऊ’ हा मार्ग बंद आहे. कार्डानं पैसे भरताना बहुतेक क्रेडिट कार्डं परकीय चलनासाठी साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात, तेही धरा.

‘फुकट’ पॅकेजचं निराळंच. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या जाहिरातीत ड्रिंक्स भाड्यात समाविष्ट दिसतात, पण त्या पॅकेजच्या किमतीवर २० टक्के सेवाशुल्क भरावंच लागतं. तिथे दारू न पिणाऱ्यांनी ती ऑफर काढून टाकली तर भाडं किती उतरतं, हे आधी विचारावं. प्रिन्सेसच्या ‘प्लस’मध्ये ड्रिंक्सबरोबर वाय-फाय आणि कर्मचाऱ्यांची टिप येते. ही दोन्ही तुम्ही एरवी घेणारच असाल, तर त्यांची किंमत वजा करून जे उरेल ते ड्रिंक्सचं, एवढंच मोजायचं. तिथे पॅकेज अनेकदा परवडतं. डिस्नेच्या जहाजांवर साधी शीतपेयं भाड्यातच येतात. व्हायकिंगच्या नदीवरच्या क्रूझवर दुपारच्या नि रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर आणि वाइन मिळते, म्हणून युरोपच्या नद्यांवर जाणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना मी वेगळं काही घ्यायला सांगत नाही.

तुमच्या आई-बाबांबद्दल आणि मुलांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण माझ्या मते खरा खर्च तिथे नकळत होतो. जहाजावर साधं पाणी, चहा, साधी कॉफी, दूध, लिंबू सरबत, आइस टी आणि नाश्त्याचा रस हे सगळं भाड्यातच असतं. आपल्याकडची मंडळी नळाचं किंवा बुफेच्या यंत्राचं पाणी म्हटलं की बिचकतात आणि रोज चार-चार बाटल्या विकत घेतात. जहाजावरचं पाणी शुद्ध केलेलं आणि तपासलेलं असतं, ते बिनधास्त प्या. घरून दोन रिकाम्या बाटल्या न्या आणि बुफेवरून भरून घ्या. आईला सारखं कोमट पाणी लागत असेल तर तेही बुफेच्या चहाच्या यंत्रावर मिळतं. मुलांना दिवसाला एखादा कोक पुरत असेल तर सोडा पॅकेजची, म्हणजे हवी तेवढी शीतपेयं घेण्याच्या पॅकेजची, गरज नाही. सगळा दिवस रंगीत कप घेऊन मशिनपाशी उभं राहायची मोकळीक त्यांना द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मी पालक म्हणून देणार नाही.

पूर्ण शाकाहारी, दारू अजिबात न घेणारं कुटुंब असेल तर त्यांनी रिफ्रेशमेंट पॅकेजचा हिशेब करावा. ते रोज ३० डॉलरच्या आसपास दिसलं, तर दोन कॉफी, दोन मॉकटेल आणि दोन पाण्याच्या बाटल्या यांचे ३२ होतात. म्हणजे समुद्रावरच्या दिवशी जेमतेम सुटतं आणि बंदराच्या दिवशी सुटत नाही. पाणी बुफेवरून भरलंत तर कुठल्याच दिवशी सुटत नाही.

मिसेसच्या वाइनसाठी एक सोपा उपाय आहे. रॉयल कॅरिबियन चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली हातातल्या सामानातून नेऊ देते. केबिनमध्ये घेतली तर काही शुल्क नाही, डायनिंग हॉलमध्ये उघडायला सांगितली तर बाटली उघडण्याचं शुल्क घेतात. एका बाटलीत पाच ग्लास बसतात. जहाजावर बाटली घेतलीत तरी उरलेली वाइन वेटर तुमच्या केबिनचा नंबर लावून दुसऱ्या रात्रीसाठी ठेवतात, आणि ग्लासागणिक घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून व्हिस्की नेण्याचा विचार मात्र करू नका. ती चढताना काढून घेतात आणि परत देत नाहीत. जहाजावरच्या दुकानातून घेतलेली बाटलीही उतरायच्या वेळेपर्यंत ताब्यात ठेवतात. भारतात परत येताना माणशी दोन लिटरची मुभा आहे, तेवढी घरी न्यायला ठीक.

बाबा रोज संध्याकाळी एक पेग घेत असतील तर त्यांना सांगून ठेवा, की तिथला पेग आपल्या तीस-साठच्या मापाचा नसतो, साधारण ४५ मिलीचा असतो. एक पेग सुटा घ्या, पॅकेजचा विचार नको. डीलक्स पॅकेजमध्येसुद्धा १४ डॉलरपर्यंतचंच ड्रिंक बसतं. चांगली सिंगल माल्ट त्यावर जाते आणि फरक द्यावा लागतो.

मला या पॅकेजबद्दल पैशांपेक्षा जास्त खटकतं ते वेगळंच. एकदा पैसे भरले, की माणूस मनाला येईल तेव्हा नाही, वसूल करायला पितो. कार्निव्हलवर चोवीस तासांत १५ दारूच्या ड्रिंक्सची मर्यादा आहे. ती सुरक्षेसाठी असते, पण कित्येक जण तिचं उद्दिष्ट करून टाकतात. आदल्या रात्री पाचवं-सहावं कॉकटेल ‘आपलंच आहे’ म्हणून घेतलेली माणसं सकाळी बंदरावर उतरतच नाहीत. बायको-मुलं गाइडबरोबर निघून जातात आणि हे खोलीत पडदे लावून पडलेले असतात. पेनांगला ते पुन्हा कधी जाणार? आणि समुद्र लागू नये म्हणून आपण सर्रास ॲव्होमिन घेतो. त्या गोळीनं मुळातच गुंगी येते, वर दारू घेतली तर ती वाढते. बाबांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘एक पेग चालेल का आणि समुद्र लागला तर कोणती गोळी घेऊ’ एवढं नेमकं विचारून घ्या. उत्तर चिठ्ठीवर लिहून बाबांच्या औषधांच्या डब्यातच ठेवा, आणि समुद्राची गोळी घेतलेल्या दिवशी त्यांना पेग देऊ नका.